पद्मजाच्या लग्नाचे तांदूळ आणि अनंताचा क्लच

कान्हे, माघ शुद्ध द्वितीया, शके १८५९

चिरंजीव अनंत यास माधवकाकाचे आशीर्वाद. पुण्यात तुझी आणि तुझ्या कारखान्याची प्रकृती उत्तम असेल. आमचीही आहे. तुझ्या इंजिनाची नाही.

माझ्या एकुलत्या नातीचे, पद्मजाचे, लग्न येत्या नवमीला. वऱ्हाडाच्या पानात घरचा आंबेमोहोर पडायचा, तो अजून टरफलासकट कणगीत बसून आहे. दरवर्षी झुंबरबाई आणि तिच्या सोबतिणी तो उखळात कांडत. यंदा मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितले, की बाई, आता मुसळ ठेवा, आमचा पुतण्या यंत्र पाठवतो आहे. "बरं आबा," ती म्हणाली, "मंग अक्षता टाकायलाबी यंत्रच बोलवा." गेली ती गेलीच.

तुझा क्लच तू समजावलास तेव्हा माझे डोळे पाणावले होते. इंजिनाच्या दांड्यावर चामडे मढवलेले दोन जड ठोकळे, स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले. वेग वाढला, की स्प्रिंगांना न जुमानता ते बाहेर झेपावणार, भोवतालचा डबा आतून पकडणार, डबा फिरला की भाताची गिरणी फिरणार. (मला शाळेतल्या कवितांमधल्या नद्या आठवल्या. डोंगराने कितीही धरले तरी निघायच्याच! आमचे मास्तर त्या ओळी म्हणताना छडी खाली ठेवीत. असो.)

तुझ्या नद्या निघाल्याच नाहीत. स्प्रिंगा एवढ्या कडक, की इंजिन जिवाच्या आकांताने पळाले तरी ठोकळे रुसलेल्या जावयासारखे जागचे हलेनात. आणखी पळवले तेव्हा नुसते डब्याला घासून घसरू लागले. भाताचे टरफल निघाले नाही, पण धूर असा झाला, की बेडशाच्या लेण्यांपर्यंत आपल्या घराण्याची कीर्ती पोचली असेल. मग तू मऊ स्प्रिंगा पाठवल्यास (तत्परतेबद्दल शाबास). त्या इतक्या मायाळू, की इंजिनाने पहिला श्वास घेताच ठोकळे डब्याला बिलगले. गिरणीचा सगळा भार अंगावर आला. इंजिन खोकले आणि निवर्तले. इंजिन चालवणारा मारुती म्हणाला, "आबा, पयलं उठत न्हवतं, आता उठल्या उठल्या बसतंय."

तिसऱ्या खेपेच्या, मधल्या ताठपणाच्या स्प्रिंगांनी मात्र गिरणी फिरली! मी गहिवरून घरभर सांगत सुटलो. हीच चूक झाली. लग्नघरात उखळ-मुसळाला, जात्याला तेल-हळद लागते. तुझ्या इंदिराकाकूच्या मते इंजिनाला वगळणे म्हणजे अपशकुन. मारुतीने डबा उघडून ठेवला होता. खरे काम हे ठोकळेच करतात असे ऐकून तिने तेच मनोभावे माखले. चामडे पोटभर तेल प्याले. आता ठोकळे वेळेवर झेपावतात, वेळेवर टेकतात आणि घसरत राहतात.

भात लोणावळ्याच्या गिरणीत पाठवावे, तर "आमचा पुतण्या इंजिनियर" असे तिथपर्यंत मीच सांगून आलो आहे. तेव्हा हे धूड लग्नाआधी परत ने, ही विनंती.

तुझा काका,
माधवराव

ता. क. झुंबरबाईच्या दारी स्वतः जाऊन आलो. कांडायला येते म्हणाली, अट एकच: "ज्या शान्यानं यंत्र केलं, त्यानं माज्यासमोर दुसरं मुसळ धरायचं." मी तुझ्या वतीने होकार दिला आहे. पत्र मिळताच नीघ.

आणखी ता. क. इंजिन नेण्याचे इतक्यात नाव काढू नकोस. पद्मजा सासरी गेली, की घर फार गप्प होईल. तांदूळ नाही निघाला तरी चालेल. इंजिन नुसते अंगणात फटफटत राहिले तरी पुरे.