ताईंनी न मागितलेली देणगी

ज्याच्या कृपेने वाणीला विवेक लाभतो, त्या दयाघनास वंदन.

ताईंचे धाकटे बंधू यांस, सप्रेम आशीर्वाद.

ताईंच्या शोकसभेनंतर तुम्ही हळूच म्हणालात, "सर, बहिणीनं विद्यापीठासाठी जन्मभर लोकांपुढे हात पसरले, याचंच वाईट वाटतं." त्याचे उत्तर इथे लिहितो.

आमचा प्राचीन ग्रंथांचा विभाग पैशाअभावी बंद होणार होता. देणगी कार्यालयातल्या ताई मला एका कारखानदाराकडे घेऊन गेल्या. जिन्यातच त्यांनी बजावले, "मागायचं नाही हं, सर. फक्त शिकवायचं."

मी एक श्लोक उलगडू लागलो. कारखानदार घड्याळ पाहत राहिले. त्यांच्या वृद्ध मातोश्री मात्र आतून आल्या. "गुरुजी, देव सगळं जाणतो, मग प्रार्थना कशाला?"

मी उत्तर देणार, तोच ताई उठल्या. "आजी, याला वेळ लागेल. सरांच्या वर्गालाच या ना!"

बाहेर येताच मी कपाळावर हात मारला. "अहो, मागायचं राहिलंच की!"

"आजी येणार, सर. मुलगा गाडीतून आणेल आणि तोही मागे बसेल. बघाच तुम्ही."

तसेच झाले. वर्षअखेरीस मागल्या बाकावरून चिरंजीवांनीच विचारले, "हा वर्ग चालू राहायला काय करावं लागेल?"

भाऊ, त्या दिवशी मागणारे ते होते. माझी पुढची सारी अध्यापनाची वर्षे ही ताईंचीच कृपा.

तुमच्या दुःखात माझा युक्तिवाद नको, म्हणून हे पत्र धाडत नाही. ज्यांच्या हाती ते पडेल, त्या सर्वांपाशी देण्याजोगे काही असो आणि ते घ्यायला कोणी आवडीने येवो.

ताईंचा ऋणी सहकारी