गिरधरमामांची दुनळी

बऱ्हाणपूर, माघ वद्य पंचमी, १९५०

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर धाकट्या शारदेचं डोकं. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? सुंठीचा लेप लावत असतील तर थांबवा, मला त्यानं फोड आले होते. इकडे मी खुशाल. शाळेत मुलींची परीक्षा झाली, हल्ली वर्गात माझंच लक्ष नसतं.

गिरधरमामा गेले, आता त्यांची बंदूक विकून टाक, असं तुम्ही लिहिलंत. पण विकायची म्हणजे आधी ती काय आहे ते कळायला हवं, म्हणून चौकाजवळच्या वामनरावांकडे घेऊन गेले. (हे घड्याळं आणि बंदुका दोन्ही दुरुस्त करतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आपलं माहितीसाठी लिहिलं.) लाटसाहेबानं खूश होऊन दिली, असं मामा सांगायचे. वामनरावांनी तेलाच्या फडक्यानं नळी पुसली, तर लोखंडात लहरी उमटल्या, दादा. संध्याकाळी तापीवर वारा उतरतो ना, तशा. मी बघतच राहिले. ते हलकेच म्हणाले, "पट्ट्या पिळून केलेली नळी हाय बाई, ठासणीची. नवी दारू भरली तर फुटेल. नळी एका बंदुकीची, घोडे दुसरीचे, दस्ता आपल्या इकडच्या सागाचा." झालं, लाटसाहेब गेले. किंमत विचारली, तर म्हणाले, "शोभेची."

मग त्यांनी दारू ठासायचा गज उजव्या नळीत घातला, बोटानं खूण केली, बाहेर काढून नळीवर ठेवून ताडून पाहिला. बरोबर. डावीत घातला तो वीतभर अलीकडेच अडला. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, ही आणली कशी तुम्ही?" मामांच्या गावाहून गाडीनं, मग लालबाग स्टेशनावरून टांग्यात, मांडीवर ठेवून, मी म्हटलं. (नळीचं तोंड टांगेवाल्याच्या पाठीकडे होतं.) "अरे देवा, ये तो भरेली हाय!" त्यांनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाला स्क्रू लावून आतला बोळा ओढून काढला. बोळा कसला, दरबारच्या शिक्क्याचा कागद! मामा संस्थानच्या शिकारखान्याचे कारकून, कागद त्यांच्याच अक्षरात: यापुढे कोणीही भरलेली बंदूक ठेवू नये, असा हुकूम. संस्थान विलीन झालं, महाराज गाव सोडून गेले, हुकूम तेवढा नळीत शाबूत. आम्ही दोघं हसलो. ते हसतात तेव्हा दुकानातली सगळी घड्याळं थांबल्यासारखी वाटतात. (बरीचशी थांबलेलीच आहेत.)

संस्थानचा परवाना आता चालत नाही आणि नव्या अर्जात बंदूक चालू की नादुरुस्त ते लिहावं लागतं. वामनराव खोटं लिहीत नाहीत. म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोघं जसोंडी गावी, भाईदास शेतकऱ्याच्या केळीत गेलो. बंदूक बांधावरच्या बाभळीला आवळून बांधली, जुनी काळी दारू थोडीशीच भरली, छर्रे नाहीतच, चापाला लांब दोरी बांधली आणि मातीच्या ढिगाआड बसलो. दोरी मी ओढली. आवाज मला आठवत नाही. पांढरा धूर केळीच्या पानांतून सावकाश गेला, उन्हाच्या पट्ट्यांत रेंगाळला, आणि वामनरावांनी माझं कोपर धरलं होतं. किती वेळ, ते विचारू नका. मग भाईदासची हाक आली, "बाई, माझे बैल कुठी गेले वो?" बैल दावी तोडून थेट घरी पोचले होते. बंदुकीची टोपी बसते ती बोंडी उडून केळीत गेली, ती सापडली नाही. अर्जात 'नादुरुस्त' लिहिलं. तेव्हा काळजी नसावी, विकायची तर खुशाल विका.

आपली,
शारदा

ता. क. वामनरावांनी विचारलंय, तुमचे भाऊ इकडे कधी येणार? त्यांना तुमच्याशी काही बोलायचं आहे. बंदुकीबद्दल नाही. चौतिसाव्या वर्षी मी बोहल्यावर चढायला निघणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. तरी या.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. त्यांनी काही विचारलेलं नाही, त्यांच्या मनातही नसेल. तुम्हीच विचारा. रविवारी या, मी मुद्दाम घरी नसेन.