नातीची खाली घातलेली वेणी

धाकटीस अनेक आशीर्वाद.

मागे एका सकाळी लेकीकडची भांडी घासून मी कपडे वाळत घालत होते, तोच नात मनगट धरून दारात उभी. स्केटबोर्डवरून पडली होती. घाबरू नकोस, नुसतं मुरगळलंय.

मग तिचं मनगट बरं होईपर्यंत मी पडायचं कसं ते वाचून काढलं. पडताना हात टेकायचे नाहीत, गुडघे वाकवून अंग खांद्यावर सोडायचं. मनगटाला पट्टे बांधायला आमच्या बाईसाहेब तयार, पण हेल्मेट नको!

"आजी, तू घातलेल्या अंबाड्यावर ते बसतच नाही."

"तुझे आजोबाही हेल्मेट स्कूटरला अडकवूनच निघायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा."

तिने अंबाडा सोडला.

बाकी मी मजेत आहे. तुझी कंबर कशी आहे? शेकतेस ना?

दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी मानेशी खाली घातली आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावून दिला.

तुझी ताई