हणमंतरावांच्या कानांचं अपील

१४ फेब्रुवारी २०११, सोमवार

नामंजूर.

पाकीट आलं तेव्हा मी मटार सोलत होते. यांनी उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली. म्हणाले, "चहा टाक." मग मी वाचलं. अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही. कान थोडेच अधू आहेत, आणि तेही लष्करी नोकरीमुळे नाही!

थोडेच? सगळी नोकरी तोफखान्यात गेली. झाशीजवळ बबिन्याच्या छावणीत फायरिंग सुरू झालं की क्वार्टरमधली आमची भांडी थरथरायची, आणि हे तर तोफेला खेटून उभे. आता शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी पत्ता नसतो. पण कबूल करतील तर ना. म्हणे, "मला ऐकू येतं. तूच पुटपुटतेस."

१५ फेब्रुवारी

विद्याला ग्वाल्हेरला फोन केला. लेक माझी, पण वाढली इथे झाशीत, हिंदीत. "आई, अपील करो ना. मुदत असते, पत्र शेवटपर्यंत वाच." वाचलं. सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करता येतं. ते फेटाळलं तर दुसरं. तेही गेलं तर लखनौला न्यायाधिकरण.

यांना सांगितलं. म्हणाले, "भीक मागायची नाही." मी म्हटलं, "भीक नाही, अपील." तर म्हणे, "अपाय? कोणाला झाला?" अपील आणि अपाय यांत त्यांना फरक ऐकू आला नसावा. हसू आवरेना.

२७ फेब्रुवारी, रविवार

गुरसरायहून नीलकंठभाऊजी आले. यांच्याच तोफेवर होते, यांच्या आधी रिटायर झाले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं, म्हणून मराठीसुद्धा बुंदेलीच्या चालीवर बोलतात. दोन्ही कानांत ऐकायचं मशीन. येईल त्याला काढून दाखवतात, नातवंडाचा फोटो दाखवावा तसं.

पत्र वाचून म्हणाले, "वहिनी, याचे कान नाही, डोळे पास झाले. मेडिकलला मशीनमधून आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, हा मशीनवाल्याचा खांदा हलला की दाबत होता. नोकरीत दर वेळी मी रांगेत मागेच असायचो, रिटायर होतानाही हेच केलं असणार."

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे.

नोकरीत असताना मेडिकलची कॅटेगरी खाली आली तर बढती अडते, ते मी समजू शकते. पण रिटायर व्हायच्या वेळी कशाला? मी विचारलंच. मग म्हणाले, "सवय." आणि नंतर, "सगळे बघत असतात, रुक्मिणी. बहिरा म्हणून घरी जायचं?"

रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

१० मार्च

अपील पाठवलं. माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या बाबूजींनी मसुदा नीट करून दिला. तोफ, वर्षं, ठिकाणं, सगळं घातलं. बटणाचं घातलं नाही. नीलकंठभाऊजींनी बजावलंय— "ते बोलू नका. फसवलं म्हणतील आणि कायमचं दार बंद करतील." यांनी सही केली. रजिस्टर्ड केलं, आणि परतताना मानिक चौकात गरम जिलेबी खाल्ली.

१९ सप्टेंबर

पहिलं अपील फेटाळलं. कारण तेच. जुना रिपोर्ट चांगला आहे.

म्हणजे यांनी हुशारीने पास केलेला तो रिपोर्टच यांच्या मानगुटीवर बसलाय. मी म्हटलं तसं. यांनी ओठांकडे बघून ओळखलं बहुतेक— पहिल्यांदाच स्वतःवर हसले.

२ ऑक्टोबर

दुसरं अपील. या वेळी पुन्हा तपासणी करा अशी विनंती केलीय. विद्या सुट्टीवर आली होती, तिने कॉम्प्युटरवर लिहिलं. हे मागे उभे राहून बघत होते आणि "तोफखाना ठळक अक्षरात कर" म्हणत होते.

डिसेंबर, तारीख विसरले

काही नाही. पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून जातो बिचारा.

४ एप्रिल २०१२

बोलावणं आलं! लखनौला मेडिकल बोर्ड. मी जाणार सोबत. हे नको नको म्हणत होते. मी तिकिटं काढून आणली.

२५ एप्रिल, बुधवार

हे सगळं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

आत हे एकटेच गेले. मी बाहेर बाकावर. शेजारी एक म्हातारे सुभेदार, पायाला पट्टा. दार उघडंच होतं. डॉक्टर बाई होती, मेजर, विद्याहून फार मोठी नसेल. तिचं बोलणं काही ऐकू आलं नाही. पण यांचं? बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा मोठा आहे ते कळत नाही. सगळ्या व्हरांड्याला ऐकू येत होतं.

तिने विचारलं असणार की जुना रिपोर्ट चांगला कसा. मी मनात म्हणाले, आता गप्प बसा. बिघडलं नंतर, एवढंच म्हणा.

आणि यांचा आवाज आला—

"मैडम, वो टेस्ट मैंने कान से नहीं, देख-देखकर पास किया था. शरम आती थी. सुनाई मुझे तब भी नहीं देता था. आज भी नहीं देता."

संपलं, म्हटलं. वर्षभराची धावपळ या एका वाक्यात गेली.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "आपके हैं?" मी मान हलवली. "आवाज़ बढ़िया है," म्हणाले.

बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता, पण चेहरा हलका. मी खुणेने विचारलं, काय म्हणाली? "काही नाही. कागदावर लिहिलं तिने— तोफ कौन सी थी? मग सांगत बसलो. चांगली आहे पोरगी. मशीनच्या खोलीत मला भिंतीकडे तोंड करून बसवलं."

परतीच्या गाडीत पुऱ्या काढल्या. मी काहीतरी बोलले. यांनी मान पुढे केली आणि म्हणाले, "मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

संसारात पहिल्यांदा ऐकलं हे वाक्य. मी लोणच्याची बाटली शोधण्याचं निमित्त करून पिशवीत तोंड घातलं.

२६ एप्रिल

नीलकंठभाऊजींना फोनवर सांगितलं. म्हणाले, "बोलला? मूर्ख." थोड्या वेळाने— "बरं केलं."

१२ सप्टेंबर

मंजूर! मंजूर! मंजूर!

कान नोकरीमुळेच गेले, असं छापील लिहिलंय. मी अंगणात उभं राहून ओरडून वाचलं, तर शेजारच्या भानुमतीबाई गच्चीवरून टाळ्या वाजवायला लागल्या. यांना पेन्शनच्या आकड्याशी घेणंदेणं नव्हतं. "लष्करी सेवेमुळे" या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "एवढं पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. पुन्हा.

पेढे वाटले. एक पुडा लखनौच्या डॉक्टरीणबाईंना पाठवायचा हट्ट होता. खराब होतील म्हणून पत्र पाठवलं.

४ नोव्हेंबर, रविवार

काल यांना कानाचं मशीन मिळालं. आज विद्याचा फोन आला. ती नेहमीसारखी ओरडायला लागली, तर मी म्हटलं, "ओरडू नकोस गं. साधं बोल." ती साधं बोलली. यांनी फोन कानाशी धरला आणि नुसतं ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून मला हळूच विचारलं—

"आपल्या विद्याचा आवाज एवढा मऊ आहे?"