घासून लख्ख केलेला तवा

सूनबाई,

पिठाच्या डब्यामागे लपवलेला बिडाचा तवा सापडला. साबण लावून, तारेच्या घासणीने इतका लख्ख केलास, की तो काळाकुळकुळीत तवा सकाळच्या तुझ्या तोंडासारखा गोरामोरा झालाय! एवढ्यासाठी उपाशीपोटी कामावर पळालीस? फोनही उचलत नाहीस. वेडी कुठली!

अगं, तव्याला काही झालेलं नाही. वर्षानुवर्षांचा तेलाचा थर गेला, म्हणून पदार्थ चिकटतात, एवढंच. सकाळपासून मी त्याला तेल लावून तापवतेय आणि ऑम्लेट टाकून बघतेय. पहिल्या दोन-तीन ऑम्लेटांचा पार चुरा झाला. तो तुझ्या सासऱ्यांनी मिटक्या मारत संपवला. शेवटचं मात्र अख्खं सुटलं! मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. ते ओट्यावर झाकून ठेवलंय, आधी खाऊन घे.

मग तवा मंद आचेवर ठेव, तेलाचा फडका फिरव आणि धूर निघाला की गॅस बंद कर. पहिला हात माझा झाला, पुढचा तुझा. यापुढे साबण नाही, नुसतं पुसायचं. मी दुकानातून आले की त्यावर बटाटे परतू.

आणि एक, ह्यांना सांगू नकोस. तो जुना थर माझ्या सासूबाईंचा होता. त्या गेल्या, तरी इतकी वर्षं मी त्यांच्याच तव्यावर भीत भीत रांधत होते. आज पहिल्यांदा मी ओट्यापाशी मोठ्याने गाणं म्हटलं.

तुझी सासू