वच्छे, हिले धर

अमरावती,
१२ नोव्हेंबर

चि. आरती,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

आजी झालीस, आता तरी जरा पोक्त वाग! नातीच्या बारशासाठी झबली-टोपडी शिवली आहेत. आमचा किशोर उद्या अकोल्याला येतो आहे, त्याच्याजवळ चिठ्ठीसकट देते. इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी बरे आहेत. चिनी कप मी माळ्यावर टाकले, आता स्टीलच्या पेल्यातच चहा घेते. पडला तरी फुटत नाही.

फोन केला नाही म्हणून रागावू नको. माझा आवाज ऐकला की तू लगेच ओळखतेस.

आरती, गेले काही दिवस घरात संत्र्याच्या फुलांचा वास येतो. भर नोव्हेंबरात! तुझे भाऊजी म्हणतात, "मले तं नाई येऊन राह्यला." मला येतो. अंगावर काटा येतो आणि मोर्शीचा आपला बगीचा समोर उभा राहतो, पांढराशुभ्र. झाडाखाली आई बसलेली असते. ती गेली तेव्हा तू तान्ही होतीस, माझ्याच कडेवर वाढलीस, म्हणून सांगते: तिचं नाक अगदी तुझं. ती बोलावते आणि मी जाते. इतकं गोड वाटतं की परत यावंसं वाटत नाही.

गेल्या वर्षीही असंच सुरू झालं होतं. हातातून वस्तू पडायच्या, नावं आठवायची नाहीत, झोप उडालेली. सगळे म्हणाले, म्हातारपण. तूच तेवढी म्हणालीस, "ताई, दर बारी उजवाच हात उडते अन् तोंडबी तिकडंच ओढल्या जाते. काहून?" तुझ्यामुळे मेंदूची सूज सापडली. शरीराची राखण करणारी शक्तीच मेंदूवर उलटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हण ना. पुन्हा असं दिसलं तर त्याच दिवशी या, असंही बजावलं होतं. मी गेले नाही. औषध सुरू झालं की आई जाईल.

आज दुपारी ती तुला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "वच्छे, हिले धर." मी हात पुढे केले आणि उजवा हात उडाला.

बगीचा नाहीसा झाला. पेला फरशीवर लोळत होता, चहा सांडला होता. मी कितीतरी वेळ खाली वाकून तुला शोधत होते.

रविवारी पाळण्याखालून बाळ या हातातून त्या हातात देतील, तेव्हा मला तिथे उभी करू नको. फार हौस होती गं. आणि हे वाचल्याबरोबर भाऊजींना फोन कर, सांग, ताईला आजच डॉक्टरकडे न्या. माझ्या तोंडून निघत नाही.

तुला एकदाही खाली न पाडलेली,
तुझी ताई