मुलीच्या नावावरची तीन मशीनं

मी, खाली सही करणारी, वय एकोणसाठ, धंदा कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिंग, आज पूर्ण भानावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या बोटांनी टाइप करीत आहे. इथे ‘कोणाच्याही धाकाशिवाय’ असे शब्द टाकायचा रिवाज आहे. लोकांच्या कागदांत ते मी बत्तीस वर्षं टाकले. माझ्या कागदात टाकवत नाहीत, कारण मी घाबरले आहे. परवा पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्याची मला तेवढी भीती नाही.

कलम एक. मला एकच वारस, माझी मुलगी, वय अठ्ठावीस. तिच्या वडिलांपासून सहा वर्षांपूर्वी मी रीतसर घटस्फोट घेतला. त्यांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. होता, म्हणायला हवं. गेल्या महिन्यात त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज दिला.

कलम दोन. घटस्फोटात माझ्या वाट्याला आलेलं राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुलीला द्यावे. हे लिहिताना बोटं अडखळतात, कारण घर राहील की नाही हेच ठाऊक नाही. कारखान्यासाठी कर्ज काढलं तेव्हा हेच घर बँकेकडे तारण ठेवलं होतं आणि कर्जाच्या कागदावर माझीही सही होती. पुढे घटस्फोटाच्या करारात ‘सदर कर्ज पती फेडील’ हे वाक्य मीच टाइप केलं, एकही खाडाखोड न करता. वाटलं, सुटले बाई. परवा माझ्या वकीलबाईंनी विचारलं, त्या करारावर बँकेची सही आहे का? नाही. मग बँकेला त्याचं काय? नवरा हात वर करून मोकळा झाला आणि नोटीस माझ्या दारी आली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, तोही सुबक अक्षरांत.

कलम तीन. जुना टाइपरायटर शेजारच्या टेबलावरच्या स्टॅम्पवाल्याला. त्याने माझी खुर्ची मला न विचारता दोनदा वापरली आणि दोनदा मोडली, तरीही. नणंदेला काही नाही. ‘हिची बोटं चालतात, डोकं नाही’ असं ती भर पंगतीत म्हणाली होती. कराराच्या बाबतीत तिचं खरं ठरलं, म्हणून राग दुप्पट आहे.

कलम चार. पोस्टातल्या बचतीतून हॉस्पिटलचं बिल भागवावे, उरेल ते मुलीचे.

कलम पाच. करारातले आठ लाख मुलीच्या वडिलांकडून मला अजून यायचे आहेत. शिवाय बँकेने त्यांच्या कर्जापोटी माझ्याकडून काही वसूल केलं तर तेही त्यांनीच मला द्यायचं. या सगळ्याचा दावा त्यांच्या दिवाळखोरीसाठी कोर्टाने नेमलेल्या साहेबांकडे शनिवारच्या आत द्यावा लागतो. एक दिवस उशीर झाला की खेळ खलास. तो मी उद्या देणार आहे. माझ्यामागे त्या दाव्याचा हक्क मुलीचा. तिने तो सोडून देऊ नये, बाबा रडले तरी. त्यांना रडू पटकन येतं, चोवीस वर्षं पाहिलंय. माणूस दुष्ट नाही. आपल्यावरचं संकट दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि वर ‘काळजी करू नकोस’ म्हणायचं, ही त्यांची खोड.

कलम सहा. हे कलम सगळ्यांनी नीट वाचावे. दाव्यासाठी मी कारखान्याचे कागद काढून आणले. अर्जाच्या आठ महिने आधी तीन मशीनं विकल्याची नोंद सापडली. कापायचं, घडी पाडायचं आणि पिना मारायचं. पैसे रोख मिळाले असं लिहिलं होतं. घेणाऱ्याच्या जागी माझ्या मुलीची सही होती. मी चार वेळा वाचलं. मुलीला विचारलं तर म्हणाली, बाबा म्हणाले टॅक्सचं काहीतरी आहे, म्हणून सही केली. कागद वाचला नव्हता. टायपिस्टची मुलगी, आणि न वाचता सही! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

वकीलबाई म्हणतात, असा व्यवहार कोर्ट उलटवतं आणि शपथेवर विचारतं, पैसे कुठून आणलेस? बापलेकीने मिळून बँकेपासून माल दडवला असं ठरलं तर गुन्हा तिच्यावरही. दावा करावा तर साहेब कागद न् कागद चाळणार. न करावा तर बँकेला द्यायला पैसे नाहीत आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. कोर्टाच्या फाटकातून आत जाणारी माणसं मी रोज बघते, आणि आता प्रत्येकाच्या जागी मला माझी पोरगी दिसते.

तरी ठरवलं आहे. कोणी विचारायच्या आत मुलीने उद्या माझ्याबरोबर येऊन मशीनं साहेबांच्या ताब्यात द्यावीत. ती येते म्हणाली. बाबांना तुरुंगात टाकतील का, एवढंच तिने विचारलं. पण तिला काही माहीत नव्हतं हे नुसतं तिच्या तोंडून कोण मानणार? ते सांगू शकणारा माणूस एकच आहे, तिचे बाबा. म्हणून त्यांना आज हे वाचायला आणि खाली खरं काय ते लिहून सही करायला बोलावलं. या ओळी टाइप करताना ते समोर बसले आहेत.

वाचून झाल्यावर त्यांनी कलम सहावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “ही सही केली तर मी उघडा पडेन.”

“नाही केलीत तर ती पडेल,” मी म्हटलं.

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं.

येणेप्रमाणे सहा कलमं मी लिहिली, वाचली आणि मला मान्य आहेत.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली. वार मंगळवार, महिन्याची नऊ तारीख, दुपारी चार.

सही: लिहून देणारी

साक्षीदार पहिला: खालच्या औषधांच्या दुकानाचा मालक. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरी: समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका. माझ्यासमोर सही झाली. शुद्धलेखन तपासले.

कलम सहा वाचून, मुलीच्या वडिलांच्या हस्ताक्षरात, सहीसह:

मशीनं माझीच. पैसे कोणी दिले-घेतले नाहीत. पोरीला खोटं सांगून सही घेतली. उद्या तिला घेऊन लगेच आत जाऊ नकोस. आधी मी जातो.